दुःखाचा रंग निळाच असतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पंधरा मिनिटांचा लघुपट आहे. वडील गेल्यावर मुलगी त्यांची खोली आवरायला येते आणि आवरता आवरता जुन्या आठवणी येत राहतात. आजचे प्रसंग तुम्ही निळे ठेवलेत, आठवणी पिवळ्या ठेवल्यात आणि शेवटी सगळ्यावर एक तयार एलयूटी (चित्राचे रंग ठरावीक पद्धतीने बदलणारी फाईल) चढवलात. पाहणारे म्हणतात, दिसतंय छान, पण आत काही पोचत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, की कुठल्या भावनेला कुठला रंग आणि कुठला लाईट, याचं एखादं कोष्टक आहे का.

कोष्टकं पुष्कळ सापडतील. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी, हिरवा म्हणजे मत्सर, वगैरे. मी ती वापरत नाही. छायाचित्रणाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की रंग अर्थ घेऊन येत नाही, तो त्याला त्या त्या सिनेमात मिळतो. आणि मिळतो तो फरकामुळे. मघाशी डोळ्यांनी काय पाहिलं होतं आणि आता काय दिसतंय, हे अंतर प्रेक्षकाला जाणवतं. तुम्ही जोडलेल्या दोन फ्रेम मी पाहिल्या. पहिलीत भिंत निळी, चादर निळी, मुलीचा चेहराही निळा. हे सगळं कशापेक्षा निळं आहे, ते ठरवायला फ्रेममध्ये काहीच नाही. माझ्या मते खरी अडचण ही आहे. रंगाची निवड त्या मानाने ठीक आहे.

पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून राहील. कॅमेरा कुठला, खोली केवढी, शूट दिवसा केलं की रात्री, नटीची त्वचा कशी आहे, सिनेमा थिएटरच्या काळोखात पाहिला जाणार की मोबाईलवर, यातलं एक बदललं तरी उत्तर बदलतं. म्हणून आकडे देईन तिथे ते सुरुवातीपुरते घ्या. त्यामागचा विचार समजला की आकडे तुमचे तुम्हाला ठरवता येतील.

आधी डोळ्यांचं बघू. डोळा समोरच्या उजेडाशी फार लवकर जुळवून घेतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळा. घरातल्या साध्या पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे २७०० केल्विनचा असतो, दुपारच्या उन्हाचा साधारण ५६००चा आणि ढगाळ आकाशाचा ६५००च्या घरात. तरी पांढरा कागद आपल्याला तिन्हीकडे पांढराच दिसतो, कारण मधला फरक मेंदू परस्पर भरून काढतो. थिएटरमध्ये सभोवती अंधार असतो, आणि पांढरं कशाला म्हणायचं हे ठरवायला पडद्याखेरीज दुसरं काही नसतं. तिथे पूर्ण निळी फ्रेम तीन मिनिटं चालवलीत, तर थोड्या वेळाने तिची निळाई जाणवेनाशी होते. प्रेक्षकाचा मेंदू तिलाच पांढरं धरून चालतो. उरतो तो चेहऱ्याचा निस्तेजपणा. तुम्हाला उदासी हवी होती आणि हाती आला जरा मळकट दिसणारा साधा उजेड.

यावर उपाय म्हणजे फ्रेममध्ये काहीतरी त्या रंगाबाहेरचं ठेवणं. खरा रंग राखलेला चेहरा, एखादं पांढरं पाकीट, मागच्या खोलीत जळणारा एक बल्ब. एवढ्याशा उबदार ठिपक्यामुळे डोळ्याला जुळवून घेता येत नाही आणि बाकीचा गारवा शेवटपर्यंत टिकतो.

चांदण्याचं उदाहरण याच संदर्भात घेण्यासारखं आहे. सिनेमातली रात्र निळी, हे आपण धरूनच चालतो. चंद्राचा उजेड म्हणजे त्याच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश, आणि मोजला तर तो सुमारे ४१०० केल्विनचा भरतो, म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षा पिवळाच. मग तो निळा का वाटतो? अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशींचा अंमल सुरू होतो. भर उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या रंगाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. अंधारात ती जागा ५०७च्या जवळ, निळसर हिरव्याकडे सरकते. संध्याकाळ उतरली की लाल फुलं काळी पडतात आणि पानं उजळ दिसू लागतात, ती यामुळेच. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याची नोंद केली, म्हणून याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. दंडपेशींना रंग ओळखता येत नाहीत, त्यामुळे खरी रात्र निळीपेक्षा फिकी, रंग उडालेली असते. दिव्यावर निळी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून पात्राचा लाल शर्ट भडक ठेवला की ती रात्र खोटी वाटते, ती याच कारणाने. मी निळा थोडाच ठेवते, सगळे रंग खाली आणते आणि लाल सर्वांत आधी उतरवते.

कोष्टक खरोखर वापरात होतं असाही एक काळ होऊन गेला. मूकपटांच्या दिवसांत कृष्णधवल प्रिंट रंगाच्या द्रावणात बुडवून काढायचे. रात्रीच्या प्रसंगांना निळा, दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळसर, आगीला लाल. पण तो निळा प्रेक्षकाला फक्त रात्र झाल्याचं सांगायचा. त्याच निळ्यात प्रेमिकांची भेटही व्हायची आणि चोरीही. भावना यायची ती चेहऱ्यावरून आणि सावल्यांवरून. म्हणजे कोष्टक होतं तेव्हाही त्याने भावनांचं काम फारसं अंगावर घेतलं नव्हतं.

तर सावल्यांकडे येऊ, कारण तुमच्या लघुपटात मला सर्वांत जास्त काम तिथे दिसतं. माझी सवय अशी, की लाईट लावून झाला की मॉनिटरवरचा रंग पूर्ण काढून टाकायचा आणि कृष्णधवल चित्र बघायचं. जो भाव हवा होता तो तसाही जाणवत असेल तर पुढे जायचं. जाणवत नसेल तर रंग त्याला वाचवणार नाही. तुमच्या दोन्ही फ्रेमचे रंग मी काढून पाहिले. दोन्ही जवळजवळ एकच आहेत. समोरून आलेला मऊ उजेड, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या, मागची भिंत चेहऱ्याइतकीच उजळ. म्हणजे आज आणि आठवण यांत उजेडाने काहीच फरक केलेला नाही आणि सगळा भार एकट्या रंगावर पडलाय.

उजेड ठरवताना मी सर्वांत आधी बघते तो कुठून येतोय. कॅमेऱ्याच्या बाजूने आलेला उजेड चेहऱ्यावरचं सगळं दाखवतो आणि चेहरा सपाट करतो. बातम्यांना तो बरा. बाजूने आला की अर्धा चेहरा झाकला जातो आणि प्रेक्षक त्या झाकलेल्या अर्ध्याबद्दल विचार करू लागतो. पात्र ज्या दिशेला बघतंय त्या पलीकडच्या बाजूला 'की लाईट', म्हणजे मुख्य दिवा, ठेवला, तर कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत जातो आणि चेहऱ्याला घडण येते. विशेष कारण नसेल तर मी तिथूनच सुरुवात करते.

वरून आलेल्या उजेडाचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे १९७२चा 'द गॉडफादर'. गॉर्डन विलिस या छायाचित्रकाराने मार्लन ब्रँडोवर वरून उजेड पाडला आणि त्याचे डोळे खोबणीच्या सावलीत गेले. मूळ कारण व्यवहाराचं होतं, ब्रँडोच्या म्हातारपणाच्या मेकअपला तसाच उजेड लागत होता. पुढे तीच त्या सिनेमाची भाषा झाली. त्यातून 'दडलेले डोळे म्हणजे सत्ता' असा नियम अनेक जण काढतात. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या अंधाऱ्या खोलीतून कट होतो तो थेट बाहेर उन्हात चाललेल्या लग्नावर, आणि तिथून पुन्हा आत. ते लख्ख ऊन आहे म्हणून आतला काळोख अंगावर येतो. बाहेरचे शॉट काढून टाका, आणि उरेल ती फक्त कमी उजेडाची एक खोली.

दुसरी गोष्ट म्हणजे सावलीचा काठ. तो कडक होणार की मऊ हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. पात्राच्या जागेवरून तो दिवा केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब की आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार. ढग आले की अख्खं आकाश दिव्याचं काम करतं आणि सावली विरून जाते. १९५६च्या 'अपराजितो'मध्ये बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलेलं होतं. अशा अंगणात उजेड वरच्या आकाशातून, चहूबाजूंनी झिरपत येतो आणि थेट दिवे मारून तो कधीच साधत नाही. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटच्या डोक्यावर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्यावर मारले आणि परतून येणारा उजेड वापरला. आज सेटवर कोणीही थर्मोकोल उचलून बाउन्स देतो, तेव्हा ते याच विचाराने चाललेलं असतं. मला यातली विचारांची दिशा फार मोलाची वाटते. मित्र शोधत होते ते त्या घरात उजेड कसा पडेल हे. घर खरं वाटलं की त्या घरातलं दुःख प्रेक्षक वेगळं समजावून न देता स्वीकारतो.

मऊ उजेड म्हणजे मायेचा आणि कडक म्हणजे क्रूर, असंही धरू नका. ढगाळ दिवशीचा सपाट उजेड एखाद्या एकट्या माणसावर फार निर्दय वाटू शकतो, आणि सकाळचं कोवळं ऊन कडक सावल्या पाडूनही सुखावतं.

सावली किती काळी ठेवायची हे 'की' आणि 'फिल' (सावली भरून काढणारा दुय्यम दिवा) यांच्या प्रमाणावर ठरतं. एक बाजू दुसरीच्या दुप्पट उजळ असली की एका स्टॉपचा फरक, आठपट असली की तीन स्टॉपचा. हलक्याफुलक्या प्रसंगात मी दुपटीच्या आसपास राहते, तुमच्या खोलीसारख्या प्रसंगात आठपटीपर्यंत जाईन. पण छोट्या, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत फिलचा दिवा बंद करूनही सावली भरूनच येते, कारण भिंती उजेड परत फेकत राहतात. तिथे सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी काठाशी, काळं कापड उभं धरा. चेहऱ्याचा तो अर्धा लगेच खोल जाईल. नव्या मुलांच्या कामात मला हे कापड क्वचितच दिसतं, आणि दर वेळी वाटतं की एवढ्या एका गोष्टीने त्यांचा शॉट कुठल्या कुठे गेला असता.

आणि मागची भिंत. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे आणखी २ मीटरवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड पोचतो, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त घट. तोच दिवा ३ मीटर लांब नेला, तर भिंत ५ मीटरवर येते आणि घट जेमतेम दीड स्टॉपची राहते. पात्र आणि खोली वेगळी पाडायची असतील तर दिवा जवळ आणायचा, पात्राला खोलीचाच भाग करायचं असेल तर लांब न्यायचा. मुलगी त्या खोलीत परकी झालीय की अजून तिथलीच आहे? याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे, आणि ते दिव्याच्या स्टँडची जागा ठरवेल.

एक बारकावा राहिला. काळोख दाखवायचा असेल तर फ्रेममध्ये कुठेतरी खरा उजळ बिंदू लागतो. नुसतं सगळं एक्स्पोजर (कॅमेऱ्यात टिपल्या जाणाऱ्या उजेडाचं प्रमाण) खाली ओढलं की चित्र काळं वाटत नाही, करडं आणि चुकलेलं वाटतं. खिडकीची एक फट, चष्म्याच्या काचेवरची चमक, डोळ्यातला ठिपका, एवढंही पुरतं.

इथवरचं दोन ओळींत: डोळा एकाच रंगाला फार लवकर सरावतो, म्हणून रंगाला सोबत दुसरा रंग लागतो. आणि तो रंग ज्यावर उभा राहणार, त्या उजेडाची दिशा, काठ, सावली आणि पसारा आधी ठरवावा लागतो.

आता तुमच्याच खोलीत जाऊ. तुमच्या दुसऱ्या फ्रेममध्ये, आठवणीच्या, वडिलांच्या टेबलावर एक दिवा आहे. तो बंद आहे. सगळी खोली पिवळी आणि दिवा बंद, म्हणजे हा पिवळा आला कुठून? प्रेक्षक हे शब्दांत विचारणार नाही, पण त्या उजेडावर त्याचा विश्वास बसत नाही. माझ्या मते तुमच्या सिनेमाला जे हवंय ते त्या टेबलावरच ठेवलेलं आहे.

मी असते तर पहिली आठवण अगदी सुरुवातीला घेतली असती. सूर्य मावळून गेलाय, खिडकीबाहेर निळसर उजेड उरलाय आणि टेबलावरचा दिवा लागलेला आहे. कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं तो आकडा, ४३०० केल्विनच्या आसपास, म्हणजे दिवा उबदार दिसेल, खिडकी गार दिसेल आणि दोन्ही एकाच चित्रात राहतील. वडील दिव्याच्या वर्तुळात बसलेत, लहान मुलगी दाराशी, निळ्या बाजूला उभी आहे. वडील मान वर करतात आणि ती चालत वर्तुळात येते. संवादाची गरज नाही. या एका शॉटने पिवळा म्हणजे वडील हे ठरून जातं, आणि ते कुठल्याही कोष्टकातून आलेलं नसतं.

हा शॉट प्रत्यक्ष घेताना दिव्याचा बल्ब आधी डिमरवर मंद करा. चेहरा उजळेल इतका तो वाढवलात तर फ्रेममध्ये शेड जळून पांढरी होईल. बल्ब मंद ठेवायचा, शेडच्या आतून पातळ कागद लावायचा, आणि वडिलांच्या चेहऱ्यावरचा उजेड फ्रेमबाहेर लपवलेल्या दुसऱ्या छोट्या लाईटने द्यायचा, त्याच दिशेने, त्याच उंचीवरून, डिफ्युजनमधून (उजेड मऊ करणाऱ्या पडद्यातून). रंग मात्र जुळवून घ्या. टंगस्टन बल्ब मंद केला की आणखी लालसर होतो, एलईडी सहसा होत नाही, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो. एलईडीवर पाव किंवा अर्धी सीटीओ (नारिंगी) जिलेटिन लावून, चेहरा आणि शेड एका वेळी मॉनिटरवर बघत जुळवा.

आता आजचा प्रसंग. ढगाळ दिवस, उजेड फक्त खिडकीचा, दिवा बंद. व्हाईट बॅलन्स तोच, ४३००. खिडकीचा उजेड आपोआप थोडा गार येईल. वर आणखी निळी जिलेटिन नको, एलयूटीचा निळा तर नकोच. मुलीचा चेहरा खिडकीकडे, सावलीच्या बाजूला काळं कापड. फ्रेममध्ये तो बंद दिवा असू द्या, पण त्याच्याकडे बोट दाखवू नका. सुरुवातीला तो पेटलेला पाहिलाय, तेवढ्याने आता त्याचं विझलेलं असणं प्रेक्षकाला बोचेल. मुलगी त्याची वायर गुंडाळू लागली, तर तुम्हाला पार्श्वसंगीतही लागणार नाही.

शेवटी तिने तो दिवा लावायचा की नाही, हा दिग्दर्शकाचा निर्णय, म्हणजे तुमचा. लावला तर पुढचा प्रश्न असा, की उजेड कुठवर पोचू द्यायचा. चेहऱ्यावर पडला तर ती वडिलांच्या वर्तुळात परत आली आणि प्रसंग दिलासा देतो. फक्त हातांवर आणि टेबलावर पडला, चेहरा खिडकीच्या गारव्यातच राहिला, तर आठवण हाताशी आहे आणि माणूस नाही. मी दुसरं निवडलं असतं. पण तुमची गोष्ट जर सावरण्याची असेल तर पहिलंच बरोबर.

रंगाचा मोठा भाग लाईट लागण्याआधीच ठरून गेलेला असतो, भिंतींच्या रंगात आणि कपड्यांत. म्हणून माझी पहिली बैठक आर्ट डिरेक्टर आणि वेशभूषाकार यांच्याबरोबर असते. निळ्या उजेडात लाल कपडा काळा दिसतो, कारण परत फेकायला त्याला लाल मिळतच नाही. पांढरा शर्ट चेहऱ्याआधी डोळ्यात भरतो. आणि वडिलांशी जोडलेला पिवळा जर मुलीच्या ओढणीत, पडद्यात नि उशीच्या अभ्र्यातही असेल, तर दिव्याचं महत्त्व गेलं. एखाद्या रंगाने काही सांगावं असं वाटत असेल तर तो बाकी सगळीकडून काढून घ्या. फ्रँक बॉमच्या १९००च्या मूळ कादंबरीत डोरोथीचे जादुई बूट चंदेरी होते. १९३९च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये ते लाल केले, कारण टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीत पिवळ्या रस्त्यावर लाल उठून दिसणार होता. निवड तांत्रिक होती. त्या बुटांना ओढ आणि धोका हे दोन्ही अर्थ आले ते नंतर, चेटकीण त्यांच्यामागे हात धुऊन लागते आणि शेवटी तेच डोरोथीला घरी पोचवतात, म्हणून.

त्वचेबद्दल थोडं. प्रेक्षक कुठलाही रंग माफ करतो, बिघडलेली त्वचा करत नाही. गोरी असो वा सावळी, त्वचेची रंगछटा व्हेक्टरस्कोपवर (चित्रातले रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखावर) साधारण एकाच रेषेच्या आसपास पडते. बदलते ती उजळपणाची आणि रंगाच्या गडदपणाची पातळी. गडद त्वचेवर दिवे वाढवण्यापेक्षा मोठा, मऊ स्रोत बाजूने आणून त्याचं प्रतिबिंब त्वचेवर घेतलं, तर घडण आणि झळाळी दोन्ही मिळतात. स्वस्त एलईडीत लालाचे काही भाग कमी असतात आणि हिरवा जास्त सांडतो. तो हिरवा थोड्या मॅजेंटा जिलेटिनने कापता येतो, पण उजेडात जे मुळात नाही ते ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर रंग सुधारताना, आणता येत नाही. जुन्या सोडियमच्या रस्त्यावरच्या दिव्यांखाली गाड्यांचे रंग ओळखू येत नाहीत, त्याचं कारणही हेच. त्या उजेडात पिवळ्याखेरीज जवळपास काही नसतं.

आता एलयूटी. त्यांचे दोन प्रकार असतात आणि दोन्हींना एकच नाव असल्याने गोंधळ होतो. एक प्रकार कॅमेऱ्याचं लॉग चित्र (मुद्दाम फिकं, सपाट टिपलेलं) सर्वसामान्य पडद्यासाठी बदलून देतो. दुसरा त्यावर एक ढंग चढवतो. तुम्ही वापरलेला दुसऱ्या प्रकारचा, सावल्यांत निळसर हिरवा आणि त्वचेत नारिंगी ढकलणारा. तो इतका पसरला त्यालाही कारण आहे. त्वचा नारिंगीच्या बाजूला असते आणि रंगचक्रात तिच्या समोर निळसर हिरवा येतो, त्यामुळे माणूस पार्श्वभूमीतून चटकन सुटून दिसतो. युक्ती चांगली आहे. पण तुमच्या सिनेमात दिवा म्हणजे वडील हे एलयूटीला माहीत नाही. तो मुलीच्या चेहऱ्यातही तोच नारिंगी भरतो आणि तुम्ही कष्टाने उभा केलेला फरक पुसतो. शिवाय तो ठरावीक एक्स्पोजरच्या लॉग चित्रासाठी बनवलेला असतो. तुमचा शॉट दोन स्टॉप खाली असेल, तर सावल्यांत चिखल होतो. चित्र ८ बिटचं असेल तर प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या मिळतात, १० बिटमध्ये १०२४. भिंतीवर पट्टे उमटतात ते बहुधा पायऱ्या कमी पडल्यामुळे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक शॉटचं एक्स्पोजर आणि व्हाईट बॅलन्स सारखं करा, मग एका प्रसंगातले शॉट एकमेकांशी जुळवा, आणि त्यानंतरच ढंगाचा विचार करा. हे सगळं मोबाईलवर तपासणार असाल तर त्याचा रात्रीचा मोड बंद आहे ना, हे बघून घ्या. तो निळा काढून टाकतो आणि तुम्ही भरपाई म्हणून आणखी निळा वाढवत बसता. बघताना खोलीतला उजेड मंद आणि रोज तसाच ठेवा.

पुन्हा शूट न करता काय होईल, तेही तुम्ही विचारलंय. बरंच काही होईल. आज रात्रीच प्रत्येक प्रसंगातली एक एक फ्रेम काढून सगळ्या एका ओळीत, सिनेमातल्या क्रमाने मांडा. आधी रंगासह बघा, मग कृष्णधवल. रंग किंवा उजेड कुठे बदलतो आणि गोष्ट कुठे बदलते, हे जुळतंय का ते पाहा. माझा अंदाज, तुमच्याकडे चित्र दर मिनिटाला निळं-पिवळं होतंय आणि गोष्ट मात्र दोनदाच वळते. तसं असेल तर मधल्या काही छोट्या आठवणींचा पिवळा पूर्ण काढून टाका, त्यांना आजच्याच उजेडात ठेवा. एलयूटी काढा. आजच्या प्रसंगांतला निळा एक तृतीयांशावर आणा आणि चेहऱ्यावरून तो वेगळा उतरवा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला मऊ कडांचा मास्क टाकून भिंत एक ते दीड स्टॉप खाली घ्या. आठवणीत टेबलाभोवतीच पिवळा राखून कडेचा कमी करा. दिवा बंद दिसतोय हे मात्र ग्रेडिंगने पूर्ण झाकणार नाही.

त्यामुळे एकच शॉट पुन्हा घेता येत असेल तर सुरुवातीचा, दिवा लागलेला शॉट घ्या. जमलं तर त्याच दिवशी मुलगी दिवा लावते तो शेवटही घेऊन ठेवा, वापरायचा की नाही हे एडिटवर ठरवा. दोन्ही वेळा कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर हवा. ऑटो व्हाईट बॅलन्स चालू राहिला, तर दिवा लागल्यावर दोन सेकंदांत कॅमेरा त्याचा पिवळा निवळून टाकेल. ऑटो एक्स्पोजर असेल तर खिडकीही त्याच वेळी काळी पडेल, आणि ज्या बदलासाठी तुम्ही तो शॉट घेत होता तोच फुटेजमध्ये उरणार नाही.